उठून उभा राहिला, म्हणजे बरा झाला काय ?

ता. ३१ जानेवारी २०२५ रोजीं पुण्याजवळ गहुंजे येथील मैदानावर भारत व इंग्लंड यांच्यामध्यें वीस षटकांचा एक सामना झाला. भारताच्या डावाच्या अखेरच्या षटकांत शिवम दुबे या फलंदाजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. डाव संपेपर्यंत तो खेळत राहिला. परंतु पुढें क्षेत्ररक्षणासाठीं तो उतरला नाहीं. डोक्याला आघात झालेल्या खेळाडूच्या जागीं दुसरा खेळाडू घेण्याची जी मुभा आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या नियमांनीं २०१९ पासून दिली आहे, तिचा आधार घेऊन हर्षित राणा हा वेगवान गोलंदाज त्याच्याऐवजीं खेळला, त्यानें तीन गडी बाद केले, आणि भारतानें सामना पंधरा धांवांनीं जिंकला. त्यानंतर घरोघरीं व वर्तमानपत्रांतून जो वाद रंगला, तो वाचकांच्या स्मरणांत असेलच. फलंदाजी हें ज्याचें मुख्य अंग, त्याच्या जागीं निव्वळ गोलंदाज देणें ही ‘समान बदली’ होते काय, असा तो वाद होता. आमच्याही घरीं तो हिरिरीनें झाला. मात्र त्या साऱ्या वादांत, दुबेचें डोकें आतां कसें आहे, हा प्रश्न कोणी विचारल्याचें आम्हांस आठवत नाहीं. दोनच दिवसांनीं, २ फेब्रुवारीस, मुंबईच्या वानखेडे मैदानावर तो पुन्हां खेळला. त्यानें धांवा केल्या, बळीही घेतले. आणि तें पाहून आम्हीं सर्वांनीं तो विषय मनांतून काढून टाकला.

त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या निर्णयाविषयीं शंका घेण्याचा आम्हांस अधिकार नाहीं, व तसा आमचा हेतुही नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. डोक्याला मार बसलेला मनुष्य पुन्हां खेळण्यास योग्य झाला, हें ठरवावयाचें कशावरून, व ठरवावयाचें कोणीं ? या प्रश्नाला पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. आणि ज्या घरांतून मुलें रोज सायंकाळीं मैदानावर जातात, त्या घरांना तो ठाऊक असणें इष्ट आहे.

प्रथम या दुखापतीचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. इंग्रजींत तिला कन्कशन म्हणतात. ‘जोरानें हलविणें’ अशा अर्थाच्या एका लॅटिन धातूपासून तो शब्द निघाला आहे. कवटीचें हाड न मोडतां, केवळ एकाएकीं बसलेल्या हिसक्यानें मेंदूच्या कार्यांत जो तात्पुरता बिघाड होतो, तो कन्कशन. सुमारें अकराशें वर्षांपूर्वीं इराणांतील अल्-राझी या विख्यात वैद्यानें, कवटीच्या जखमेहून ही अवस्था निराळी आहे, हें ओळखलें होतें. असा मार बसला म्हणजे मनुष्य बेशुद्ध पडलाच पाहिजे, असें नाहीं; किंबहुना बहुसंख्य रोगी बेशुद्ध होतच नाहींत. डोकें दुखतें, घेरी येते, मळमळतें, उजेड व आवाज सहन होत नाहीं, विचार मंदावतो, नुकत्याच घडलेल्या गोष्टी आठवत नाहींत. क्ष-किरणांच्या किंवा सी. टी. स्कॅनच्या नेहमींच्या चित्रांत बहुधा कांहींच दिसत नाहीं. बाहेरून जखम न दिसणाऱ्या माराला आपण मराठींत ‘मुका मार’ म्हणतों. मेंदूला बसलेला हा मुका मारच होय. पाय मुरगळला तर तो टेकवत नाहीं, व ज्याचा पाय त्याला हें सर्वांच्या आधीं समजतें. येथें मात्र काय झालें आहे हें ज्या इंद्रियानें ओळखावयाचें, तेंच इंद्रिय जखमी झालेलें असतें. म्हणून ‘मला कांहीं झालेलें नाहीं’ हें खेळाडूचें उत्तर, तो कितीही सत्यवचनी असला तरी, पुरावा म्हणून धरतां येत नाहीं. एवढी साधी गोष्ट मान्य होण्यास फार काळ लागला. त्या काळांत जखमी खेळाडूला जे जे प्रश्न विचारले गेले, ते क्रमानें पाहिले म्हणजे या विषयाची सारी प्रगति लक्षांत येते.

पहिला प्रश्न होता, ‘उभा राहूं शकतोस काय ?’ आणि तो विचारला मुष्टियुद्धानें. आपल्या कुस्तींत प्रतिपक्षाच्या पाठीला माती लागली कीं निकाल होतो. पडलेल्या मल्लाची शुद्ध तपासण्याचें कारण पडत नाहीं. मुष्टियुद्धांत प्रतिपक्ष उठूं न शकणें हाच विजय असल्यामुळें ‘उठणें’ म्हणजे काय, हें ठरविणें भाग पडलें. लंडनमधील जॅक ब्रॉटन यानें १७४३ मध्यें केलेल्या नियमांप्रमाणें, पडलेल्या योद्ध्याला त्याच्या साथीदारांनीं अर्ध्या मिनिटांत मंचाच्या मध्यावर आणून उभें करावयाचें असे. १८३८ च्या नियमांनीं थोडी कठोर अट घातली : अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीनंतर आठ सेकंदांच्या आंत त्यानें कोणाच्याही आधारावांचून खुणेपर्यंत चालत यावें. १८६७ मध्यें क्वीन्सबेरीच्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या नियमांनीं दहा सेकंदांची मुदत घातली, आणि ती आजतागायत चालू आहे. खेळांत पुन्हां उतरण्यासाठीं घ्यावयाच्या परीक्षेचा, आम्हांस माहीत असलेला, हाच सर्वांत जुना नियम. त्यांत दया नव्हती असें नाहीं. न उठणाऱ्यावर आणखी प्रहार करूं नये, एवढी माणुसकी त्यांत होती. परंतु जो उठला तो बरा, हें त्यांतील गृहीत तत्त्व आमच्या मनांत इतकें खोल रुजलें आहे, कीं आजही पडलेला खेळाडू उभा राहिला म्हणजे प्रेक्षक टाळ्या वाजवितात व पंच शिटी फुंकतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील महाविद्यालयांमध्यें जो फुटबॉल खेळला जाऊं लागला, त्यानें हा प्रश्न मुष्टियोद्ध्यांच्या वस्तींतून उचलून सुशिक्षित घरांत आणून ठेवला. नौदलाच्या विद्यालयांतील जोसेफ रीव्ह्‌ज या विद्यार्थ्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. डोक्याला आणखी एक लाथ बसली तर मृत्यु किंवा वेड ओढवेल, अशी ताकीद डॉक्टरांनीं त्याला दिली होती, असें सांगतात. त्यानें काय केलें ? १८९३ च्या सैन्यदलाविरुद्धच्या सामन्यासाठीं अ‍ॅनापोलिस येथील एका जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून डोक्यावर घालावयाची टोपी करून घेतली, आणि तो खेळला. पुढें तो अमेरिकन आरमाराचा सरसेनापति झाला, हें त्याचें भाग्य. अमेरिकन फुटबॉलमधील शिरस्त्राणाचा आरंभ या टोपीपासून धरतात. शिरस्त्राणानें कवटी फुटण्याचें प्रमाण फार कमी झालें, हें निःसंशय. परंतु आंतील मेंदूचें हलणें तें थांबवूं शकत नाहीं, हें आज सर्वमान्य आहे. रीव्ह्‌जला दिलेला सल्ला न खेळण्याचा होता. त्यानें त्याचें रूपांतर कसें खेळावें या प्रश्नांत केलें. ही युक्ति तेव्हांपासून अनेकांनीं केली आहे.

१९०५ सालीं या खेळांत इतके विद्यार्थी दगावले, कीं राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींना बोलावून घेतलें, व पुढील वर्षीं खेळाचे नियम बदलले. त्याच हंगामांत हार्वर्डच्या संघावर निकोल्स व स्मिथ हे दोन डॉक्टर देखरेख ठेवून होते. १९०६ च्या आरंभीं त्यांनीं आपला अहवाल बोस्टनच्या वैद्यक नियतकालिकांत प्रसिद्ध केला. एका हंगामांत मेंदूच्या धक्क्याचे एकोणीस प्रसंग त्यांना आढळले. असा प्रकार घडला नाहीं असे सामने दोनच. प्रत्येक रोग्यांत कांहीं ना कांहीं विस्मरण होतें. कित्येक खेळाडू डाव खेळत राहिले, आणि पुढें त्यांना त्या खेळाची आठवणच नव्हती. या दुखापतीला खेळाडू क्षुल्लक समजतात, याचें त्या डॉक्टरांना विशेष आश्चर्य वाटलें. आजच्या ज्ञानांतील निम्मा भाग या अहवालांत आहे, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. तथापि ज्यांनीं तो वाचावयास हवा होता, त्यांना पुढील शनिवारचा सामना जिंकावयाचा होता.

यानंतर दुसरा प्रश्न पुढें आला : ‘अशा किती वेळां लागलें ?’ न्यूजर्सीमधील हॅरिसन मार्टलंड या रोगनिदानतज्ज्ञानें १९२८ मध्यें एक निबंध लिहिला. घड्याळाच्या तबकड्या रेडियमनें रंगविणाऱ्या कामकरी मुलींच्या रोगाचा शोध घेणारा तो हाच मार्टलंड. मुष्टियुद्धाच्या रिंगणाभोंवतीं बसणाऱ्यांच्या तोंडीं ‘ठोशांनीं झिंगलेला’ असा एक शब्द होता; वर्षानुवर्षे मार खाल्लेले योद्धे दारू न पितां झोकांड्या खातात, अडखळत बोलतात, मंद होतात, हें पाहून लोक त्यांना हंसत. ज्या गोष्टीला लोक हंसत होते ती मेंदूची व्याधि आहे, असें मार्टलंडनें प्रतिपादिलें. १९६९ मध्यें रॉबर्ट्‌स यानें इंग्लंडमधील २२४ माजी व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं ३७ जणांत, म्हणजे शेंकडा सुमारें सतरा जणांत, मज्जासंस्थेच्या हानीचीं चिन्हें आढळलीं. मधल्या काळांत, १९५२ मध्यें, हार्वर्डचे शस्त्रवैद्य ऑगस्टस थॉर्नडाइक यांनीं असा सल्ला दिला होता, कीं ज्याला तीनांहून अधिक वेळां कन्कशन झालें असेल, किंवा जो एकदां जरी क्षणमात्राहून अधिक काळ बेशुद्ध राहिला असेल, त्यानें अंगाला अंग भिडणारे खेळ सोडावेत. तीन हा आंकडा अनुभवांतून आलेला होता, मोजमापांतून नव्हे. परंतु खेळाडूच्या इच्छेपलीकडे कांहीं मर्यादा असावी, हा विचार त्यांत प्रथमच स्पष्ट झाला.

मोजमापाचें साधन हातीं नसतांना काय होतें, याचें एक उदाहरण आपल्याच क्रिकेटच्या इतिहासांत आहे. १७ मार्च १९६२ रोजीं ब्रिजटाउन येथें बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यांत भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू बसला. कवटी फुटली, प्राणांवर बेतलें, शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांना रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते. आणि पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे व बापू नाडकर्णी हे त्यांचे सहकारीही होते. ही दुखापत साध्या कन्कशनहून पुष्कळच भयंकर, आणि डोळ्यांना दिसणारी. कॉन्ट्रॅक्टर वांचले, सुमारें दहा महिन्यांनीं ते पुन्हां प्रथम श्रेणीच्या सामन्यांत उतरले, व पुढें कित्येक वर्षें खेळले. कसोटी सामन्यासाठीं मात्र त्यांची पुन्हां कधींच निवड झाली नाहीं. ती न होणें योग्य होतें कीं अन्याय्य, हें आज कोण सांगणार ? त्या काळीं ‘आतां खेळा’ किंवा ‘खेळूं नका’ असें ज्याच्या आधारें म्हणतां आलें असतें, असें परिमाण कोणाजवळच नव्हतें. होतें तें एका बाजूला एका माणसाचें धैर्य, व दुसऱ्या बाजूला इतरांची भीति.

तें परिमाण सांपडण्यास तिसरा प्रश्न कारण झाला. मैदानावर धांवत गेलेला मनुष्य जखमी खेळाडूला पिढ्यान्‌पिढ्या एकच विचारीत आला आहे : ‘तुझें नांव काय ? आज वार कोणता ? हीं बोटें किती ?’ ऑस्ट्रेलियांतील डेव्हिड मॅडॉक्स व त्यांचे सहकारी यांनीं तेथील फुटबॉल खेळाडूंवर प्रयोग करून १९९५ मध्यें दाखविलें, कीं हे प्रश्न निरुपयोगी आहेत. मेंदूला धक्का बसलेला मनुष्य आपलें नांव विसरत नाहीं, कारण तें त्यानें लहानपणींच साठवून ठेवलेलें असतें. बिघडते ती नुकतेंच घडलेलें टिपून ठेवण्याची शक्ति. म्हणून विचारावयाचें तें असें : आपण कोणत्या मैदानावर आहों ? सामन्याचा कितवा भाग चालू आहे ? शेवटचा गोल कोणीं केला ? गेल्या आठवड्यांत कोणाशीं खेळलों, व जिंकलों काय ? या प्रश्नांचें मर्म ज्याला समजून घ्यावयाचें असेल, त्यानें १३ जुलै २०१४ चा विश्वचषकाचा अंतिम सामना आठवावा. जर्मनीच्या ख्रिस्तोफ क्रामर याचें डोकें सतराव्या मिनिटाला प्रतिपक्षाच्या खांद्यावर आदळलें. तो उठला, आणि पुढें चौदा मिनिटें खेळला. मग त्यानें पंचांजवळ जाऊन विचारलें, कीं हा अंतिम सामना आहे काय. पंचांनीं त्याच्या संघाला सांवध केलें, तेव्हां एकतिसाव्या मिनिटाला तो बाहेर आला. प्रश्न विचारावयास हवे होते ते इतरांनीं. शेवटीं तो जखमी मनुष्यालाच विचारावा लागला.

चौथा प्रश्न असा : ‘पूर्वीं तूं कसा होतास ?’ एखाद्या मुलानें दहा शब्दांपैकीं सहा सांगितले, तर ती स्मृतीची हानि कीं त्याची मुळांतील शक्तिच तेवढी ? १९८० नंतरच्या दशकांत व्हर्जिनिया विद्यापीठांतील जेफ्री बार्थ यांनीं दहा विद्यापीठांतील २,३५० फुटबॉल खेळाडूंची परीक्षा हंगाम सुरू होण्याआधींच घेऊन ठेवली, व ज्यांना पुढें धक्का बसला त्यांची पुन्हां पुन्हां घेतली. बहुतेकांची शक्ति पांच ते दहा दिवसांत पूर्ववत् होते, असें त्यांना आढळलें. खेळाडूची तुलना इतरांशीं नव्हे तर त्याच्या स्वतःशीं करावयाची, ही कल्पना मोलाची ठरली. मात्र परीक्षा म्हटली कीं परीक्षार्थीही आलाच. पुढें अडवणूक होऊं नये म्हणून हंगामापूर्वींच्या परीक्षेंत मुद्दाम कमी गुण मिळविणारे खेळाडू निघाले ! तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हांस या प्रकाराचें नवल वाटलें नाहीं; परंतु खेळण्याची ओढ माणसाला कोठवर नेते, हें त्यावरून समजतें.

येथें वाचक विचारतील, कीं पांच-दहा दिवसांत आपोआप बरी होणारी ही दुखापत असेल तर तिचें एवढें अवडंबर कशाला ? याचें उत्तर १९८४ मध्यें साँडर्स व हार्बॉ या डॉक्टरांनीं नोंदलेल्या एका रोग्यांत आहे. एकोणीस वर्षांच्या एका महाविद्यालयीन फुटबॉलपटूला मारामारींत डोक्याला मार बसून क्षणभर शुद्ध गेली होती. चौथ्या दिवशीं तो खेळावयास उतरला, कोसळला आणि मरण पावला. पहिला आघात बरा होण्यापूर्वीं दुसरा झाला, तर तो लहान असला तरी मेंदू एकदम सुजूं शकतो, असें त्यांनीं मांडलें. असे प्रसंग विरळा आहेत, व त्यांच्या नेमक्या कारणाविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत; परंतु जे घडले त्यांत मुलें व तरुण अधिक आहेत. २०११ मध्यें उत्तर आयर्लंडमधील चौदा वर्षांचा एक शाळकरी मुलगा एकाच रग्बी सामन्यांत वारंवार मार खाऊन खेळत राहिला, व त्यांतच दगावला. धक्का बसल्यानंतर मेंदूच्या पेशींतील क्षारांचा समतोल बिघडतो, तो पुन्हां सांवरण्यासाठीं पेशींना अधिक साखर लागते, आणि नेमका त्याच वेळीं रक्ताचा पुरवठा कमी झालेला असतो. कॅलिफोर्नियांतील गिझा व होव्डा यांनीं २००१ मध्यें या घडामोडींचें सुसंगत वर्णन केलें. उत्पन्न घटलें असतां खर्च वाढलेल्या घराची जी अवस्था, तीच या मेंदूची. त्यावर आणखी एक संकट आलें म्हणजे घर बसतें.

एवढें ज्ञान गोळा झाल्यावर नियम एकत्र करण्याची वेळ आली. १९९७ मध्यें अमेरिकेंतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें कन्कशनच्या तीन पायऱ्या ठरविल्या होत्या, व लक्षणें पंधरा मिनिटांत नाहींशीं झालीं तर त्याच सामन्यांत परतण्याची मुभा ठेवली होती. २००१ मध्यें व्हिएन्ना येथें तज्ज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद् भरली. नंतर प्राग, झुरिच, बर्लिन असें करीत २०२२ मध्यें आम्स्टरडॅम येथें सहावी झाली. या परिषदांनीं हळूहळू जुनी प्रतवारी टाकून दिली. आघाताच्या क्षणीं त्याची तीव्रता ओळखतां येते, हें तिचें गृहीतकच चुकीचें होतें. २०१९ च्या ऑगस्टमध्यें लॉर्ड्‌सवर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर जोफ्रा आर्चरचा चेंडू बसला. तपासणींत कांहीं आढळलें नाहीं म्हणून तो त्याच दिवशीं पुन्हां खेळावयास आला, व ९२ धांवांपर्यंत पोंचला. लक्षणें दिसलीं तीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं. मग मार्नस लाबुशेन हा त्याच्या जागीं उतरला, आणि कसोटी क्रिकेटमधील या प्रकारचा पहिला बदली खेळाडू ठरला. पुढील कसोटीस स्मिथ मुकला. म्हणूनच आज तज्ज्ञांचा पहिला नियम असा आहे, कीं संशय आला तरी खेळाडूला बाहेर काढावें, व कन्कशन ठरल्यास त्या दिवशीं त्याला परत पाठवूं नये.

मग परत पाठवावयाचें तें कसें ? येथें शेवटचा, पांचवा प्रश्न येतो : ‘आज एवढें केलेंस, उद्यां कसें वाटतें?’ परतीच्या सहा पायऱ्या आहेत. पहिले एक-दोन दिवस घरांतील नित्याचे व्यवहार व थोडें चालणें. नंतर सायकल किंवा चालण्याचा बेताचा व्यायाम. मग एकट्यानें, डोक्याला धोका नसेल असा, आपल्या खेळाचा सराव. त्यानंतर इतरांबरोबर, परंतु अंगाला अंग न लावतां. डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर पूर्ण सराव. आणि शेवटीं सामना. प्रत्येक पायरीला निदान चोवीस तास. पुढच्या तीन पायऱ्या चढण्यापूर्वीं लक्षणें संपूर्ण गेलेलीं असलीं पाहिजेत, व तेथें तीं परत आलीं तर खालीं उतरावयाचें. दहा सेकंदांत द्यावयाची परीक्षा अशा रीतीनें आठवड्याची किंवा त्याहूनही लांब झाली. शिवाय ती एका उत्तरावर अवलंबून राहिली नाहीं. खेळाडूला कसें वाटतें, त्याला शब्द आठवतात काय, महिन्यांचीं नांवें तो उलट्या क्रमानें सांगतो काय, रेषेवर पाऊल जोडून तोल संभाळून चालतो काय, हें सर्व एकत्र पाहिलें जाऊं लागलें.

या प्रगतींत एकदां चूकही झाली, व ती सुधारलीही गेली. मेंदूला विश्रांति हवी म्हणून रोग्याला अंधाऱ्या खोलींत दिवसेंदिवस निजवून ठेवण्याचा प्रघात पडला होता. २०१५ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक प्रयोगांत, पांच दिवस कडक विश्रांति घेतलेल्या मुलांनीं, एक-दोन दिवस विश्रांति घेतलेल्यांपेक्षां अधिक लक्षणें सांगितलीं. २०१९ मध्यें जॉन लेडी व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें, कीं लवकरच बेताचा व्यायाम सुरू केलेले किशोर सरासरीनें १३ दिवसांत बरे झाले, तर केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांना १७ दिवस लागले. तेव्हां घाई नको, तशी अतिकाळजीही नको. विद्यार्थ्यांच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : आधीं वर्ग, मग मैदान. ज्याला अजून तासभर वाचवत नाहीं, तो खेळण्यास योग्य नव्हे.

आतां राहिला दुसरा मुद्दा, निर्णय कोणीं करावयाचा हा. खेळाडूवर तो सोंपवितां येत नाहीं, हें वर आलेंच. परंतु ज्यांचा त्याच्या खेळण्यांत लाभ आहे, त्यांच्यावरही सोंपवितां येत नाहीं. अमेरिकेंतील व्यावसायिक फुटबॉल संघटनेनें १९९४ मध्यें या विषयासाठीं समिति नेमली, तिचे अध्यक्ष सांध्यांच्या रोगांचे डॉक्टर होते. आणि माइक वेब्स्टर या नामांकित खेळाडूच्या मेंदूंतील विकृतीचें वर्णन बेनेट ओमालू यांनीं २००५ मध्यें प्रसिद्ध केलें, तेव्हां त्या समितीच्या सभासदांनीं तें मागें घेण्याची मागणी केली. दुसरीकडे, २००६ मध्यें वॉशिंग्टन राज्यांत झॅकरी लायस्टेट हा तेरा वर्षांचा मुलगा मार बसल्यावर त्याच सामन्यांत परतला, व जन्माचा अपंग झाला. त्याच्या नांवानें २००९ मध्यें तेथें कायदा झाला, कीं अशा मुलाला ताबडतोब बाहेर काढावें, व योग्य डॉक्टरच्या लेखी अनुमतीवांचून परत घेऊं नये. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांनीं या प्रकारचे कायदे केले. क्रिकेटमध्येंही २०२५ च्या मध्यापासून बदली खेळाडूंचीं नांवें आधींच देण्याचा व कन्कशन झालेल्यास निदान सात दिवस दूर ठेवण्याचा नियम झाला आहे. आपल्या वादांतील समान बदलीचा प्रश्न त्यानें बराच सुटावा. परंतु आमच्या मतें त्यांतील सात दिवसांचें कलम अधिक महत्त्वाचें आहे.

हें सर्व लिहितांना एक जुना प्रसंग आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं. आम्ही नुकतेच अध्यापक झालों होतों, आणि महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाबरोबर एका परगांवच्या सामन्याला गेलों होतों. आमचा एक विद्यार्थी दुसऱ्याच्या डोक्यावर आदळून पडला. कोणीं त्याच्या तोंडावर पाणी मारलें, कोणीं नाकाला कांदा लावला. तो उठला, प्रेक्षकांनीं टाळ्या वाजविल्या, आम्हींही वाजविल्या. आम्हीं त्याला नांव विचारलें. त्यानें तें आडनांवासकट सांगितलें. ‘सर, मला कांहीं झालेलें नाहीं,’ असेंही तो म्हणाला, आणि आम्हीं त्याला परत पाठविलें. सामना आम्ही जिंकलों. परतीच्या गाडींत त्यानें आम्हांस तीन वेळां विचारलें, कीं कोण जिंकलें. पहिल्या वेळीं आम्ही हंसलों. पुढें महिनाभर त्याला पुस्तक घेऊन बसवत नव्हतें, आणि त्याचे वडील आमच्याकडे येऊन, पोरगा अभ्यास टाळतो, अशी तक्रार करीत होते. तो बरा झाला, ही ईश्वराची कृपा. त्यांत आमच्या शहाणपणाचा भाग नव्हता. तो खोटें बोलला नव्हता. आम्हींच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता, आणि ज्याचें उत्तर त्याला देतां येणें शक्य नव्हतें, त्याचें उत्तर त्याच्याकडून घेतलें होतें.

आपल्या गांवोगांवच्या कबड्डीच्या अंगणांत, शाळांच्या मैदानांवर व आखाड्यांत प्रत्येक ठिकाणीं डॉक्टर असणें आज शक्य नाहीं. परंतु या साऱ्या इतिहासांतून जो पहिला नियम निघाला, त्याला डॉक्टर लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं, पैसाही लागत नाहीं. डोक्याला मार बसला व संशय आला, कीं त्या दिवसाचा खेळ संपला. मग डॉक्टरांस दाखवावें, आणि उलटी, वाढती डोकेदुखी, फीट किंवा गुंगी दिसली तर तत्काळ रुग्णालय गांठावें. एवढें शिक्षकानें व पालकानें मनाशीं ठरविलें, तर सामना कदाचित् हातचा जाईल. पुढच्या वेळीं घरीं वाद घालतांना, बदली कोण आला याच्या आधीं, गेलेल्याचें डोकें कसें आहे, हें आपण एकमेकांस विचारूं या.